बगळ्याच्या गळ्यातली शिट्टी

साहेब, पैलवानाला गाडीने मारलं नाही, तुम्ही मारलंत. वर कागदावर लिहिलंत की तो निष्काळजी होता. मेलेला माणूस उलट बोलत नाही म्हणून तुमचं फावलं. पण मी बोलते. ओरडण्यासाठीच मला घडवलं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. रेल्वेच्या कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन मला तयार केलं. पोटात बुचाचा एक गोळा घातला. तो नाचला की मी किंचाळते. माझा आवाज गोड नाही. गोड आवाजाने कुणाचा जीव वाचत नाही.

मला रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत धाडलं. टोळीतली माणसं घण मारत, पहारीने रूळ सरकवत, खडी ठासत. घणाच्या दणक्यात मागून आलेली गाडी ऐकू येत नाही. म्हणून एक माणूस कशालाही हात न लावता नुसता उभा राही आणि वळणाकडे बघे. गाडी दिसली की तो मला फुंके आणि सगळे रुळावरून बाजूला होत. एका पायावर भार टाकून उभा राहायचा, म्हणून त्याचं नाव पडलं बगळा. घण मारणारा पैलवान रोज विचारी, "काय बगळोबा, मिळाला का मासा?" बगळा वळणावरची नजर न काढता म्हणे, "मिळाला की पहिली हाक तुलाच."

मग हे साहेब आले. पहिल्याच फेरीत त्यांना सगळे घामाघूम दिसले आणि बगळा तेवढा कोरडा. ते म्हणाले, "उभं राहायचा पगार मिळत नाही इथे." बगळ्याच्या हातात पहार आली. मी साहेबांच्या टेबलाच्या खणात गेले, टाचण्या आणि मोडक्या पेन्सिलींच्या सोबतीला. टोळीचा मुकादम शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. बोलणाऱ्याची बदली होते, हे तो ओळखून होता.

त्या दिवशी धुकं नव्हतं, पाऊस नव्हता. लख्ख सकाळ होती. वळणावरून गाडी आली तेव्हा पैलवानाचा घण वर होता आणि पाठ गाडीकडे. बाकीचे उड्या टाकून सुटले.

चौकशी झाली. साहेबांनी लिहिलं, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. सही ठोकून ते जेवायला गेले.

तोवर रेल्वेत कामगारांच्या संघटना नव्हत्या असं समजू नका. उलट उदंड होत्या. चालकांची वेगळी, गार्डांची वेगळी, कारखान्यातल्या फिटरांची वेगळी. चहाची बाकडीसुद्धा वेगळी. रूळ ठोकणाऱ्यांना तर कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. साहेबांना आणखी काय हवं होतं?

पैलवानाची बायको या प्रत्येकाच्या दारात गेली. पदर पसरायला नाही, जाब विचारायला. शिट्टी कुठे होती, एवढंच ती विचारी. मुकादमाला म्हणाली, "भाऊजी, साहेबांनी तुमची जीभही खणातच ठेवली का?" मुकादमाला ते जिव्हारी लागलं. पुढच्याच रविवारी त्याने आपल्या अंगणात सगळ्यांना बोलावलं.

ती गाडी ज्याने चालवली होती तो चालकही आला. दारातच घुटमळला. म्हणाला, "वहिनी, मी भोंगा दिला होता. शेवटपर्यंत दिला."

"घणापुढे काय ऐकू येणार?" ती म्हणाली. "बसा आत. उभ्या माणसाची गरज होती ती तेव्हा."

तो बसला. त्याच्या शेजारी गार्ड, फिटर, टोळीवाले, सगळे एकाच सतरंजीवर बसले. उठले तेव्हा संघटना एक झाली होती आणि मागणीही एक. शिट्टीवाला उभा राहिल्याशिवाय कुणी हत्यार उचलायचं नाही.

टोळी रोज वेळेवर येई आणि रुळाशेजारी रांगेने बसे. दुरुस्ती अडली म्हणून वळणावर 'गाडी सावकाश' असा फलक लागला. चालक तो फलक इतक्या भक्तीने पाळू लागले की शेजारून चाललेली म्हैस पुढे जाई. मागे गाड्या तुंबल्या. साहेबांनी मुकादमाला निलंबित केलं, टोळीच्या घरांचं पाणी तोडलं. फिटरांनी आपल्या नळांना नळ्या जोडून पाणी दिलं. साहेब पाहणीला ट्रॉलीवर बसून निघाले, तर ती ढकलणाऱ्यांनी भर उन्हात वळणाआधी हात काढून घेतले. पुढे शिट्टीवाला नाही साहेब, आम्हाला तुमच्या जिवाची काळजी वाटते, म्हणाले. साहेब खडीवरून ठेचकाळत बंगल्यावर गेले. मला दया आली नाही. आजही येत नाही.

वरून फोन खणखणू लागले तेव्हा साहेब वाकले. मुकादम कामावर परतला, घरांना पाणी आलं. पैलवानाच्या बायकोने अट घातली की शिट्टी कचेरीत नाही, वळणावर येऊन, सगळ्यांदेखत द्यायची. मेलेला उंदीर धरावा तसं मला दोन बोटांत धरून साहेब आले. बगळ्याने मला सदऱ्याला पुसलं आणि त्यांच्या कानाशीच फुंकलं. साहेब दचकून खडीवर धपकन बसले. आयुष्यात मी इतक्या आनंदाने कधी वाजले नाही.

'निष्काळजी' हा शब्द मात्र त्यांनी मागे घेतला नाही. उलट बढती घेऊन वर गेले.

वर्षं गेली, बगळा निवृत्त झाला, टोळीला नवी शिट्टी मिळाली आणि आता मी संघटनेच्या कचेरीत काचेच्या कपाटात असते. वर्षातून एकदा पुढारी मला घासूनपुसून माझ्याबद्दल भाषण करतात आणि परत कुलूप लावतात. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी सांगेन असं तुम्हाला वाटत असेल. मला जपू नका. मला बाहेर काढा. कारण याच साहेबांनी वरून आदेश धाडला आहे: शिट्टीवाला माणूस जादा आहे, उद्यापासून त्यालाही पहार द्या. त्या टोळीत आता पैलवानाची लेक घण मारते.

साहेब, उद्या तिचा घण वर असेल तेव्हा तिच्या पाठीमागे कोण बघत असेल? आदेशाचा क्रमांक सांगू नका. माणसाचं नाव सांगा.