सतराव्या फटक्यापर्यंत

नेलिदाला डोंगरात येऊन आठ महिने झाले होते, तरी गाय तिला जवळ उभी करत नव्हती. हात लागला की लाथ झाडायची. आचळापाशी बसायचं कसं, डोकं कुशीला कुठं टेकवायचं, हे नणंद ओतिलियानं दहा वेळा दाखवलं आणि अकराव्या वेळी चरवी ओढून घेतली.

"राहू दे. तू आपली सुई धर. गाईला लिमाची माणसं कळत नाहीत."

बांधावर बसलेल्या बायका खो खो हसल्या. हसताना त्यांच्या रुंद काठांच्या गवती टोप्या हलत. नेलिदाही हसली. दुसरं काय करणार?

राजधानीत, लिमाच्या कपडाबाजारात तिनं सोळा वर्षं जाकिटं शिवली होती. खिडकी नसलेल्या गाळ्यात चाळीस मशिनी आणि चाळीस बायका. सासरा वारला, डोंगरातल्या चुगुरमायो गावची जमीन नवऱ्याच्या वाट्याला आली, तेव्हा एलादियो म्हणाला, "नेली, दुसऱ्याच्या मशिनीवर किती मरायचं? तिथं आपली माती आहे." ती आली. पण कामं तिला येत नव्हती. बटाट्याला माती लावताना कंबर मोडायची, खाण्यासाठी पाळलेल्या, चुलीपाशी पळणाऱ्या गिनीपिगांची मान मुरगाळताना डोळे मिटायचे. तिला यायचं ते एकच, शिवणकाम. म्हणून बायका फाटकी घोंगडी आणून टाकायच्या, पुरुष जाकिटं. चोर धरून गावातच शिक्षा देणाऱ्या गस्तीचे मुखिया देमेत्रिओ, त्यांचा मुलगा अब्नेर असाच एकदा काखेत उसवलेलं काळं जाकीट घेऊन आला होता. काळा दोरा संपला होता. तिनं पिवळ्या दोऱ्यानं दुहेरी टीप मारून दिली. "काखेत कोण बघतंय, वहिनी," असं म्हणून तो हसत गेला होता.

लिमानं तिला आणखी एक गोष्ट शिकवली होती. लुटारूंनी दोनदा तिच्या पोटाला सुरा लावला होता आणि दोन्ही वेळा ती वाचली ती एकाच नियमानं: मान खाली घालायची, मागतील ते द्यायचं, कुणाचं तोंड पाहिलं नाही म्हणायचं. शेजारच्या मशिनीवरची एक बाई चौकीत जाऊन नाव सांगून आली होती. आठ दिवसांनी तिला दारातच गोळी घातली. तिची खुर्ची तिसऱ्या दिवशी दुसरीला मिळाली.

गुरुवारी एलादियो बियाण्याचे बटाटे आणायला तालुक्याला गेला. सकाळी कासिमिरो नावाचा फेरीवाला मोटारसायकलवर बादल्या, टोपल्या बांधून आला. समुद्रकाठचा माणूस, बोलणं अगदी लिमासारखं पळतं. ते ऐकून नेलिदाचा जीव इतका सुखावला की तिनं त्याला मक्याच्या लाह्या दिल्या आणि अर्धा तास बोलत बसली. नवरा कुठं गेलाय, कधी येणार, सगळं सांगितलं. तो एक बादली विकून उताराला लागला.

दुपारी तिघं आले. तोंडाला फडकी बांधलेली. घराखालच्या कुरणात नांगराची बैलजोडी बांधली होती, तिकडं दोघं सरळ गेले. कुत्रा भुंकत धावला. तिसऱ्यानं कुंपणाला टेकवलेलं फावडं उचललं आणि एकाच घावात त्याची कवटी फोडली. कुत्रा पडला, पाय मात्र बराच वेळ पळत राहिले.

नेलिदा दारात उभी होती. डोक्यावर, चौकटीला, बैलाचं शिंग टांगलेलं. चुगुरमायोत प्रत्येक दाराला ते असतं. फुंकलं की खोऱ्यातला माणूसन् माणूस हातातलं काम टाकून धावतो. तिला फक्त हात वर करायचा होता. तिनं मान खाली घातली.

फावडंवाला तिच्यापर्यंत आला. "आवाज काढलास तर बघ," असं घोगरं बोलून त्यानं हात उगारला आणि तिच्या तोंडावर मूठ हाणली. ओठ फुटला, दात हलला. पण हात उगारला त्या क्षणी तिला काखेतली टीप दिसली. पिवळी, दुहेरी, टोकाला तिच्या सवयीची उलटी गाठ.

बैल गेले. ओतिलिया पाण्याला जाताना आली, तेव्हा नेलिदा कुत्र्यापाशी बसून होती.

"शिंग का नाही फुंकलंस?" ओतिलियानं तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं. "अगं बोल की! हाताच्या अंतरावर होतं ना? पन्नास माणसं आली असती! माझ्या बापाचे बैल ते!"

"घाबरले, वन्सं."

"तोंडं पाहिलीस?"

"नाही."

हा नियमच बोलला. तोंडातून शब्द गेला आणि मग तो परत घेता येईना. एलादियो आला, त्यानं तिचा ओठ धुतला, तोच प्रश्न विचारला, तिनं तेच उत्तर दिलं. नाव कुणाचं सांगायचं? मुखियाच्या मुलाचं? आठ महिन्यांची परकी बाई ती, गायसुद्धा जिला ओळखत नाही.

गस्तीची माणसं डोंगर पालथा घालत राहिली. बैल मिळाले नाहीत. शुक्रवारी सकाळी खालच्या वळणावर पंक्चर काढत बसलेला कासिमिरो मिळाला. चोरांना खबर देणारा परका म्हणून त्यालाच धरून आणलं.

दुपारपर्यंत गस्तीच्या घरापुढच्या मैदानात दोनशे टोप्या जमल्या होत्या. कासिमिरोला उघडं करून निलगिरीच्या खोडाला बांधलं होतं, पोट खोडाकडं. देमेत्रिओकाका खुर्चीत बसले होते. वाळका, ताठ माणूस, वीस वर्षं मुखिया. गाय चोरली म्हणून त्यांनी सख्ख्या मेहुण्यालाही फोडून काढलं होतं, अशी त्यांची ख्याती. आसूड अब्नेरच्या हातात होता. आज त्याच्या अंगावर जाकीट नव्हतं, घोंगडी होती.

नेलिदाला पुढं बोलावलं तेव्हा तो तिच्या वाटेत आला.

"वहिनी, तोंड बरं आहे ना?" अगदी आपुलकीनं म्हणाला. मग खालच्या आवाजात, "लिमाच्या बायकांना म्हणे तोंड बंद ठेवता येतं. चांगली सवय आहे. एलादियो शेतात एकटाच असतो ना दिवसभर?"

देमेत्रिओकाकांनी फेरीवाल्याला विचारलं, "त्या घरात पुरुष नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच सांगितलं, साहेब! मी विचारलंही नव्हतं!"

गर्दीतून हुंकार उठला. कुणीतरी मागून ओरडलं, "जोडीदार आहेत की काय दोघं? भाषाही एकच!" एलादियोनं मान फिरवून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"पोरी, हाच होता का?" काकांनी नेलिदाला विचारलं.

"तोंडाला फडकं होतं," ती म्हणाली. "मला नाही सांगता येत."

खरं तर तिला सांगता येत होतं. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. तो तिच्या फुटक्या ओठांमागे बसून राहिला.

पहिला फटका पडला तेव्हा कासिमिरोच्या तोंडून आवाजच निघाला नाही, फक्त श्वास गेला. दुसऱ्याला तो ओरडला. अब्नेर मन लावून मारत होता, प्रत्येक वेळी एक पाऊल मागं जाऊन. चौथ्याला कातडी उलली. नेलिदा मोजत होती. मशिनीवर टाके मोजायची सवय, नको म्हटलं तरी मोजलं जायचं. सहा. सात.

"बाई!" आठव्यानंतर तो तिच्याकडं मान वळवून ओरडला, त्याच पळत्या, ओळखीच्या बोलीत. "सांग ना गं! लाह्या खाल्ल्या मी तुझ्या! बादल्या विकणारा माणूस मी, मला बैलाचं काय कळतंय!"

नऊ. दहा. आता सांगते, असं तिनं मनात म्हटलं, आणि अकरा झाले. पुढच्याला नक्की, आणि बारा झाले. तेराव्याला आसुडाचं टोक वळून त्याच्या कानावर बसलं. कान फाटला, रक्त मानेवरून खाली आलं. पंधराव्याला त्याचे गुडघे सुटले आणि तो दोरीवर लोंबला.

सतराव्यानंतर तो म्हणाला, "हो."

अब्नेरचा हात थांबला. "काय हो? मोठ्यानं बोल."

"मीच. मीच सांगितलं चोरांना. बस करा."

गर्दीनं सुस्कारा टाकला. बायकांनी एकमेकींकडं बघून माना हलवल्या. अब्नेरनं कपाळ पुसलं आणि नेलिदाकडं बघून हसला. सगळं मिटलं होतं. ती घरी जाऊ शकत होती, उद्या बटाटे लावू शकत होती. कुणाला कधी काही कळलं नसतं.

"खोटं आहे!"

आवाज इतका मोठा निघाला की तिचा ओठ पुन्हा फुटला.

"खोटं बोलतोय तो! मारून वदवून घेतलंय त्याच्याकडून! त्यातला एक हा होता, हा अब्नेर. काकाऽ, त्याचं काळं जाकीट आणा. काखेत माझी टीप आहे, पिवळ्या दोऱ्याची. माझ्या तोंडावर हात उगारला तेव्हा पाहिली मी. माझा टाका मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?"

दोनशे टोप्या अब्नेरकडं वळल्या. मग आसूड सपकन तिच्या तोंडावर आला. डावा गाल डोळ्याखालून हनुवटीपर्यंत पेटला. ती पडली. अब्नेर दुसरा मारणार तोच एलादियोनं त्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं मातीत लोळले. घोंगडीखालून सुरा निघाला. तो एलादियोच्या मांडीत मुठीपर्यंत गेला, बाहेर आला, पुन्हा वर उठला.

नेलिदाच्या हाताला दगड लागला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि अब्नेरच्या तोंडावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला मनगटातून कळला. तिनं पुन्हा घातला. सुरा पडला. तोवर ओतिलिया आणि चार बायका त्याच्या हातापायांवर बसल्या होत्या.

"हलू नकोस, हरामखोरा," ओतिलिया त्याच्या छातीवर बसून म्हणाली. "पोरींनो, पळा, जाकीट आणा!"

देमेत्रिओकाका खुर्चीतून हलले नव्हते. जाकीट आलं, तेव्हा त्यांनीच बाही उलटी करून काख उन्हात धरली. पिवळी टीप. कोपरापाशी वाळलेलं रक्त आणि कुत्र्याचे केस. काका खुर्चीतून उठले. मग टोपी काढून खुर्चीवर ठेवली.

"बैल कुठं आहेत?" त्यांनी मुलाला विचारलं.

अब्नेरनं रक्त आणि दोन दात थुंकले. पलीकडच्या घळीत, म्हणाला. एक कापलाय. दोघं साथीदार कोण, तेही सांगितलं.

"चोरी कबूल झाली की पहिले फटके ज्याची चोरी झाली त्यानं मारायचे, असा आपला रिवाज आहे," देमेत्रिओकाका म्हणाले. "माझा मुलगा आहे म्हणून तो बदलत नाही. उठ, पोरी."

एलादियोची मांडी कुणीतरी दाबून बांधत होतं. कासिमिरोला सोडून त्याच खोडाला अब्नेरला बांधलं. आसूड अजून ओला होता. नेलिदाला वाटलं होतं, हात उठणारच नाही. तो उठला. पहिला फटका वाकडा गेला, दुसरा नीट बसला. मग कुत्रा, ओठ, मांडीतला सुरा आणि तिचं स्वतःचं ते दिवसभराचं गप्प राहणं, सगळं तिच्या दंडात उतरलं. लिमातले दोन्ही सुरेसुद्धा. ओतिलियानं मागून येऊन तिचं मनगट पकडलं तेव्हा ती थांबली.

"पुरे. मरेल तो."

"किती झाले?"

"तू मोजत नव्हतीस?"

नव्हती. ती आसूड टाकून पाण्याकडं गेली.

कासिमिरो सावलीत पालथा पडला होता. ती भोपळ्याच्या कवटीत पाणी घेऊन त्याच्यापाशी बसली. कानाचं रक्त पुसायला गेली, तर त्यानं मान काढून घेतली.

"पाणी तरी घे."

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. आता तो पळता बोलत नव्हता, शब्द एकेक येत होता. "पहिल्यापासून माहीत होतं."

"हो."

"सतरा पडले मला."

"माहितीये."

"मग माझ्याजवळ बसू नकोस."

ती उठली. पाणी दुसऱ्या एकीनं पाजलं.

गावानं त्याला एक मेंढी दिली, मोटारसायकल खांद्यावरून खाली नेऊन दिली. पुढं कळलं, त्या कानानं तो कायमचा बहिरा झाला. अब्नेर आणि त्याचे साथीदार शिक्षा म्हणून पंधरा दिवस गावोगाव गस्तीबरोबर राबले आणि मग खोरं सोडून गेले. देमेत्रिओकाकांनी मुखियापद सोडलं. एलादियो लंगडत का होईना, चालायला लागला.

एके दिवशी पायरीवर बसून तो म्हणाला, "नेली, परत जायचं का लिमाला? तू म्हणशील तर जाऊ."

तिच्या गालावरचा वण तेव्हा अजून जांभळा होता.

"इथल्या बायका आता मला हसत नाहीत," ती म्हणाली. "बांधावर सरकून जागा देतात. ओतिलियावन्सं म्हणतात, बायकांच्या गस्तीत ये."

"मग चांगलं झालं की."

"कशामुळं देतात, ते माहितीये ना तुला? त्या माणसाला पडलेले सतरा कुणी मोजत नाही."

एलादियोनं मांडीवरचा वण चोळला. ती उठली, फावडं घेतलं आणि उरलेल्या चार ओळींना माती लावायला खाली गेली. जोडीतला वाचलेला बैल एकटाच कुरणात उभा होता. यंदा नांगर शेजाऱ्याच्या बैलाबरोबर धरावा लागणार होता. शेजारी आपण होऊन हो म्हणाला होता.