हात लावू नये

छापखान्यातून पुस्तकाची फाइल आली आणि ताईच्या कॉम्प्युटरने ती घ्यायला साफ नकार दिला. डिस्कवर पुरेशी जागा नाही, असं पडद्यावर आलं. ताईने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा तेवढा जोरजोरात घरघरला.

ताई प्रुफं तपासायची. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून तिची नजर अशी तयार झाली होती की दुकानाची पाटी वाचतानाही हात पेन चाचपायचा. हे पुस्तक झाडांवरचं होतं. नऊशे पानं, पानापानावर चित्रं, आणि हातात जेमतेम पंधरा दिवस.

तिने पदर खोचला. कचरापेटी रिकामी केली. कधीकाळी उतरवून विसरलेल्या फायली काढल्या. छापून जुनी झालेली प्रुफं काढली. सकाळची दुपार झाली तेव्हा जागा झाली तीन जीबी, हवी होती बारा. म्हणजे दर्यात खसखस.

आता उरला एकच फोल्डर. एकट्याने एकसष्ट जीबी अडवून बसलेला. त्याचं नाव होतं ‘हात लावू नये’.

नाव ठेवलं होतं टिल्लूने, तिच्या धाकट्या भावाने. तो जेमतेम टेबलाएवढा असताना त्याला टिल्लू नाव पडलं. पुढे दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागलं तरी तेच राहिलं. हा कॉम्प्युटर त्यानेच एकेक भाग जमवून जोडला होता. मग तो लिफ्टचा मेकॅनिक झाला आणि कामासाठी दुसऱ्या शहरात गेला. सुट्टीत आला की आधी कॉम्प्युटरची धूळ झटकायचा, मग आईच्या पाया पडायचा. आई म्हणायची, “बरोबर आहे, मला कुठे पंखा आहे!”

सात वर्षांपूर्वी आई दोन दिवसांत गेली. टिल्लू पोचला तो एक दिवस उशिरा. दारात बॅग घेऊन उभा होता, घर माणसांनी भरलेलं होतं, आणि ताई सगळ्यांच्या देखत म्हणाली, “आता आलास कशाला? तुझ्यावाचून इथे कुणाचं काही अडलं नाही.”

तो चार दिवस राहिला, सगळं केलं आणि गेला. त्यानंतर वर्षातून एकदा वाढदिवसाला ‘शुभेच्छा’ असा मेसेज यायचा, आणि त्यावर तिचं ‘आभार’. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. हे भांडणही नव्हतं.

सात वर्षं तिने त्या फोल्डरला खरंच हात लावला नव्हता. आज लावला. आत गेम होते, लिफ्टच्या मोटारी उघडून दाखवणारे व्हिडिओ होते, आणि मांजराचे चारशे फोटो. कॉम्प्युटरचा डबा गरम व्हायचा म्हणून शेजारचं मांजर त्यावर येऊन झोपायचं. ताईने एकेक फोटो उघडला. एका फोटोत कडेला आईचा हात होता, विणकामाच्या सुया धरलेला. दुसऱ्यात फक्त तिच्या चपला. अख्खी आई एकाही फोटोत नव्हती. तिसऱ्या फोटोत मागे ताई स्वतः होती, हसताना. काय विनोद झाला होता, कुणास ठाऊक. तिला ते आठवेना, आणि ते सांगू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं.

तिने फोन हातात घेतला. ‘तुझ्या फोल्डरमुळे जागा नाही. पुसून टाकू का?’ असं लिहिलं आणि खोडलं. ‘सवड असल्यास संपर्क करावा’ असं लिहिलं. हे तर बँकेचं पत्र वाटत होतं. तेही खोडलं. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करणाऱ्या बाईला स्वतःचं एक सरळ वाक्य जमेना. शेवटी तिने तीन शब्द लिहिले आणि डोळे मिटून पाठवून दिले:

‘टिल्लू, माझं अडलंय.’

फोन टेबलावर ठेवायच्या आत वाजला.

“काय झालं? बरी आहेस ना तू?” तो धापा टाकत होता. मागे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.

“मी बरी आहे रे. कॉम्प्युटरची डिस्क भरलीय.”

मग त्याने श्वास सोडला. “घाबरवलंस. मी शिडीवरून उतरलो.”

“मग चढ परत. सावकाश कर फोन.”

“नाही नाही, बोल. तो डबा अजून चालतोय?”

“चालतोय कसला, कण्हतोय.”

“ऐकव.”

ताईने फोन टेबलाखाली धरला. वर आणला तेव्हा तो हसत होता. “पंख्यात धूळ आहे. बरं, बस समोर. फोल्डरच्या आत ‘गेम’ आहे बघ. अख्खा उडव.”

“अख्खा? तुझे सगळे खेळ जातील.”

“ताई, मी पंचेचाळीसचा झालो.”

तिने उडवला. बावीस जीबी मोकळे झाले. झाडांचं पुस्तक सहज मावलं असतं. दोघांनाही ते कळत होतं. तरी ती म्हणाली, “पुरतील का रे एवढे?”

“तसे... नाही पुरणार. थोड्या दिवसांत परत भरेल. बाहेरची डिस्क नाहीये का एखादी? बाकीचं त्यात काढून ठेव.”

छापखान्याने दिलेली कोरी डिस्क समोरच्या खणात पडून होती.

“नाही,” ताई म्हणाली. उभ्या आयुष्यात ती इतकं सफाईने खोटं बोलली नव्हती.

“माझ्याकडे आहे एक. पाठवून देतो.”

“पाठवू नको. वाटेत हरवतात.” तिने पडद्यावर तो फोटो पुन्हा उघडला. “तो मांजराचा फोटो आहे ना, ज्यात मी हसतेय... मी का हसत होते?”

“मी नोकरीला निघालो त्या दिवशी आई डब्यावरच्या मांजराला म्हणाली होती, ऊठ, तुझ्या गादीच्या मालकाची बदली झाली.”

ताईला पुन्हा तसंच हसू आलं. मग टिल्लू म्हणाला, “रविवारी मीच घेऊन येतो.”

रविवारी अकरापर्यंत येणार होता. अकरा वाजले, एक वाजला. ताईने दोनदा जेवण गरम केलं. दीड वाजता फोन आला. एका इमारतीची लिफ्ट मध्येच अडकली होती, आत म्हातारं जोडपं होतं, निघता निघता त्यालाच बोलावलं होतं आणि मोटार अजून हलत नव्हती. “मला उशीर होणार, ताई. संध्याकाळ होईल.” हे तो इतकं जपून म्हणाला, जणू पुढचा शब्द तिचा असेल आणि तो कुठला ते त्याला ठाऊक होतं.

“त्यांना नीट बाहेर काढ,” ती म्हणाली. “उशीर झाला तरी ये. मी तेव्हा जे बोलले ना, दारात...”

“राहू दे गं.”

“नाही राहू देत. ते चुकीचं होतं. तुझ्यावाचून फार अडलं.”

तो साडेपाचला आला. कानाशी केस पांढरे झाले होते, नखांत ग्रीस होतं. चौकटीपाशी सवयीने वाकला. मग तो सरळ टेबलाखाली शिरला, डबा उघडला आणि धुळीचा एवढा मोठा गोळा बाहेर काढला की ताई म्हणाली, “अरे देवा, यात मांजर राहिलं होतं का?”

त्याने बरोबर आणलेली डिस्क जोडली. ‘हात लावू नये’ मधलं उरलेलं सगळं तिच्यात पाठवायला लावलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली. ती मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. खाली लिहून आलं: उरलेला वेळ, दोन तास चाळीस मिनिटं.

“फार हळू चालतोय,” टिल्लू म्हणाला. “म्हातारा झाला.”

“चालू दे हळू,” ताई म्हणाली, आणि आतून दुसरी खुर्ची ओढून आणली.