अर्धा मीटर खोल

चिमी बंदरात पायलट होती. बाहेरून आलेल्या जहाजावर चढायचं आणि ते अरुंद वाटेनं धक्क्यापर्यंत आणायचं, हे तिचं काम. त्या सकाळी समुद्र-संशोधनाचं जहाज आलं. त्याचा कप्तान तिचा सख्खा दादा.

"सत्तर मीटर लांबी, पाण्याखाली पाच मीटर. नेहमीचंच," दादा घाईघाईनं म्हणाला. आईची चौकशीसुद्धा केली नाही.

चिमीनं होडीतून येतानाच जहाजाच्या पुढच्या टोकावर रंगवलेले, ते किती बुडालंय हे सांगणारे आकडे पाहिले होते. जहाज अर्धा मीटर जास्त बुडालेलं होतं. महिनाभराच्या सफरीत तेल, पाणी, शिधा संपतो. जहाज हलकं होऊन वर यायला हवं.

"जास्तीचं काही भरलंयस का रे?"

"तळाचा चिखल. नमुने."

"अर्धा मीटर चिखल?"

दादा हसला, पण डोळे हसले नाहीत. तेवढ्यात एक शास्त्रज्ञ बाई दारात आली. ती तोंड उघडणार, तोच दादानं तिला पिटाळलं. चिमीच्या मनात पाल चुकचुकली. सुकाणू फिरवलं तरी जहाज वळायला कुरकुरत होतं.

"नांगर टाक."

"अगं, लोक घरी जायला टपलेत!"

"आत्ता मी तुझी बहीण नाही. टाक नांगर. मला खालचं बघायचंय."

तळाशी, समुद्राची खोली मोजणाऱ्या यंत्राच्या खोलीचं लोखंडी दार बंद होतं. चिमीनं कान लावला. आत पाणी डुचमळत होतं.

दादा पायरीवर मटकन बसला. "नमुन्यांसाठी किनाऱ्याला फार जवळ गेलो. ती बाई नको नको म्हणत होती. खडक घासला. धक्क्याला लागल्यावर गुपचूप दुरुस्त करून घेणार होतो."

"वाटेत गाळात रुतलो असतो, दादा! इतकी माणसं आहेत वर!"

"जरा थांबशील? कळवू नकोस लगेच."

ती थांबली नाही. वायरलेसवर तिनं बंदराच्या कचेरीला सगळं सांगितलं. पंप आले, माणसं होड्यांनी सुखरूप उतरली. जहाज वाचलं, पण दादाची कप्तानी गेली, हे दोघांनाही कळून चुकलं होतं.

परतीच्या होडीत त्यानं विचारलं, "तुला काय वाटलं होतं? काय भरलंय मी?"

"चोरीचा माल."

दादा उठून होडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. कप्तानी गेल्याचं त्यानं पुढे कधी बोलून दाखवलं नाही. हे दोन शब्द मात्र त्याच्या जिव्हारी लागले. घरी दिवाणखान्यात समोरासमोर बसूनही तो कितीतरी महिने तिच्याशी बोलला नाही.