दोन गल्ल्यांचा पंप

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. डिझेलवर चालणारा, दोन चाकांचा, साचलेले पाणी उपसणारा. माझा मूळचा हिरवा रंग आता टाकीच्या खालच्या बाजूलाच तेवढा उरला आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तरुणपणी मी नव्या इमारतींच्या पायाचे खड्डे कोरडे करत असे. पुढे ठेकेदाराने मला मोडीत काढले, तेव्हा दोन गल्ल्यांनी मिळून मला आणले. पुढची गल्ली आणि तिच्या पाठीला पाठ लावून असलेली मागची गल्ली. पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नव्हता. महिन्याभराचे पाणी एका दुपारीच कोसळायचे आणि घराघरांत शिरायचे. पुढच्या गल्लीतले लेथवाले मिस्त्री आणि मागच्या गल्लीतल्या नर्सबाई दारोदार फिरले. सगळ्यांनी मिळून दोन्ही गल्ल्यांच्या मधून ओढ्यापर्यंत नाली खणली. माझ्या पाइपचे तोंड त्या नालीतच सोडायचे, म्हणजे कोणाच्या दारात पाणी जाणार नाही, असे ठरले.

मागच्या गल्लीत सर्वांत सखल खोली शिंपीकाकांची. पाऊस आला की मला आधी तिकडेच ढकलत नेत. काम संपले की काकू चिंधीने माझे अंग पुसायच्या.

"दमलास का रे बाबा?" त्या मला विचारायच्या.

"माझ्याशी कधी इतकं गोड बोलली नाहीस," काका कुरकुरायचे.

"तुम्ही कधी इतकं काम केलंत?"

सगळी गल्ली हसायची. 'आमचा पंप' हे शब्द ऐकले की मला फार बरे वाटे.

मग काही वर्षे पाऊस नीट पडलाच नाही. उन्हाने पत्रे इतके तापत की माणसे घरात थांबेनात. मला शेडमध्ये कुलूप लागले. कोणीतरी माझा अर्धा पाइप बागेला पाणी घालायला नेला, तो परत आलाच नाही. नर्सबाईंची बदली झाली. मिस्त्रींच्या गुडघ्यांनी दगा दिला. नालीत कचरा साठत गेला. पुढच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराने तर नालीवर स्लॅब टाकून दुकान मागे वाढवले. येणारे-जाणारे बघत होते. 'आपल्याला काय करायचंय' म्हणत पुढे जात होते.

आणि एका दुपारी आभाळ फाटले.

कुलूप तोडून मला मागच्या गल्लीत ओढत नेले. मिस्त्री लंगडत आले, त्यांनी डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि मी खोकत खोकत चालू झालो. पण नाली बुजलेली. उरलेला पाइप पोचला तो जेमतेम दुकानाच्या मागच्या दाराशी.

"माझ्या दुकानात पाणी सोडता?" दुकानदार ओरडला.

"मग स्लॅब कोणी टाकला?"

"ते नंतर बघू! आधी पंप बंद करा!"

एकाने मला बंद केले, दुसऱ्याने चालू केले. पुन्हा बंद. माझ्या हँडलवर चार हात, आणि प्रत्येकाचे तोंड दुसऱ्याकडे. शिंपीकाकांच्या खोलीत पाणी कमरेला लागले तरी कोणी हटेना.

तेवढ्यात काकू खोलीत शिरल्या. गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे भिजू नयेत म्हणून. आत पाण्याने फुगलेली मागची भिंत आडवी झाली.

सगळे धावले. दुकानदार सर्वांत पुढे होता. हातांनी विटा उपसत होता. कोणीतरी मला चालू केले. दुकानदारानेच मागे वळून ओरडून सांगितले, "माझ्या दुकानातून जाऊ द्या पाणी! सगळी दारं उघडा!" पुढच्या गल्लीने दारे उघडली. त्यांच्या घरांतून, अंथरुणांवरून मी उपसलेले पाणी वाहत गेले. मी जिवाच्या आकांताने चाललो.

काकू सापडल्या, पण त्यांच्यात जीव नव्हता.

पाणी ओसरल्यावर दुकानदाराने स्वतः घण घेऊन तो स्लॅब फोडला. त्याच्या हातांना फोड आले, पण थांब म्हणायला कोणी गेले नाही. नंतर मात्र दोन्ही गल्ल्या फावडी घेऊन नालीत उतरल्या. मला नवा पाइप मिळाला. दर आठवड्याला वेगळे घर मला चालू करून बघते. कोणाच्या आजारी माणसाला कोणी उचलून न्यायचे, हे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. पुन्हा तसाच पाऊस आला, तेव्हा सगळी माणसे वेळेवर बाहेर निघाली. लोकांनी माझे कौतुक केले. मला ते ऐकवले नाही.

शिंपीकाकांनी जाड कापडाचे आच्छादन शिवून मला घातले आहे. मला चालू करतात तेव्हा ते येऊन बाजूला उभे राहतात. एकदा दुकानदार खाली मान घालून म्हणाला, "काका, माझं चुकलं."

काकांनी हातातल्या आच्छादनाची घडी घातली.

"तुझं एकट्याचं चुकलं असतं तर बरं होतं," ते म्हणाले. "एकावर राग धरता आला असता. तू स्लॅब टाकत होतास तेव्हा मीही तिथूनच रोज जात होतो."

मित्रांनो, असे पाऊस आता येतच राहणार. तुमच्या गल्लीतही एखादा पंप कुलपात गंजत असेल, एखादी नाली बुजत असेल. जाऊन बघा. मोठ्यांना हाताला धरून घेऊन जा. मी लोखंडाचा आहे. पाणी कुठे सोडायचे हे मला ठरवता येत नाही. ते माणसांनीच ठरवायचे असते. त्यावरून भांडायचे असेल तर जरूर भांडा, पण पायाखालची जमीन कोरडी असताना भांडा.