फुकटचा जीव

माझी जाऊ करिश्मा आणि मी, आमच्यात संक्रांतीला अबोला सुरू झाला. राजापेठेतल्या एका गल्लीत आमची फुलांची दुकानं समोरासमोर, मधे जेमतेम एक ऑटो जाईल एवढी जागा. सकाळी शटर वर केलं की पहिलं तिचंच तोंड दिसतं. माझा दिवस तिथूनच नासतो.

कारण सांगते. सासूबाईंच्या भाचीचं, अपेक्षाचं, मोझरीकडच्या एका लॉनवर लग्न होतं. दोन्ही वरमाला घरच्याच. एक मी ओवली, एक करिश्मानं. गुलाब, निशिगंध, सगळं हुबेहूब सारखं, आणि टोपलीत दोन्ही एकत्र गेल्या. नवरदेवाच्या गळ्यात हार पडला आणि तुटला. अख्ख्या मांडवासमोर फुलं त्याच्या बुटांवर सांडली. दोरा एकेरी निघाला. जड हाराला दुहेरी दोरा लागतो, हे आमच्यात लहान पोरींनाही ठाऊक असतं. सासूबाईंना माहेरच्या माणसांनी नको नको ते ऐकवलं. मी म्हणाले हार तिचा, ती म्हणाली माझा. त्या दिवसापासून तोंड बंद.

आमच्या गल्लीत अबोला जी आधी मोडेल, तिची चूक. सासूबाईंनीही तेच धरलं. जिची चूक ठरेल तिच्या हातात लग्नाचा हार पुन्हा द्यायचा नाही, असं त्यांनी दोघींना बसवून सांगितलं. लग्नाचे हार गेले की उरतं काय? फोटोचे हार आणि गाड्यांच्या बॉनेटवरच्या माळा. हार ओवण्यात माझा हात धरणारी या गल्लीत कोणी नाही, तिच्या तर बापजन्मी जमणार नाही. म्हणून मी दात-ओठ खाऊन गप्प राहिले.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. तेव्हा आम्ही दोघी आपापल्या दुकानात बसून एकच गेम खेळतो. नदीत फळीवर उभी राहिलेली एक पोरगी, आणि ती आपण पळवायची. ओंडके चुकवायचे, धबधब्यावरून उडी घेऊन हवेत कोलांट्या मारायच्या. स्टंट जेवढा वेडा तेवढे गुण जास्त. वाटेत मॅग्नेट मिळाला की नाणी आपोआप येऊन चिकटतात, ढाल मिळाली की मगरीसुद्धा काही करू शकत नाहीत. ढाल असली की मी मगरींना मुद्दाम धडकते. त्यातल्या एकीचा चेहरा मला समोरच्या दुकानातला वाटतो.

फोनमधले नंबर बघून गेमनं परस्पर आम्हाला मैत्रिणी करून टाकलं. मैत्रिणी! बुडालं की लाल बटण दाबून मैत्रिणीकडे जीव मागता येतो. तिनं तिच्या फोनवर हिरवं बटण दाबायचं, झालं. देणारीचं काही जात नाही. मी किती वेळा बुडाले असेन, पण मागितला नाही. तिनंही कधी मागितला नाही.

परवा दुपारी माझा फोन वाजला. करिश्माला जीव हवा आहे, असं लिहून आलं होतं. मला आनंदानं उकळ्याच फुटल्या. समोर तिच्या दुकानात झेंडूच्या माळांचा पडदा, आतलं काही दिसत नव्हतं.

"इंदूबाई! इकडं या लवकर!" मी शेजारच्या नारळवालीला हाक मारली. "मागून राहिली पाहा!"

"कोण वो?"

"कोण म्हंजे? थेच. मायाकडं जीव मागून राहिली. बोलली ना शेवटी!"

"गेम हाय तो, दीपमाला. ते बोलणं थोडीच झालं?"

"मागणं म्हंजे बोलणंच! तोंडानं नाई, बोटानं बोलली."

"मंग दे ना. तुयं काय जाते?"

"काहून देऊ?" मी मुद्दाम पलीकडे ऐकू जाईल असं ओरडले. "बुडू दे! तळाले जाऊ दे!"

फोनवरचं गोल चक्र कमी कमी होत संपलं. मी हिरव्या बटणाला बोटही लावलं नाही. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी करिश्मा दिसली. हातात चहाचे दोन कप. मग झेंडूचा पडदा हलला आणि करिश्माचा फोन हातात धरून सासूबाई बाहेर आल्या. मी समजत होते, त्या घरी जेवून आडव्या झाल्या असतील.

"मी खेळून राहिली होती," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा त्या मोठ्या धबधब्याच्या पल्याड गेली होती. करिश्मानं सांगतलं होतं, बुडलं का लाल बटन दाबजा, दीपमाला देते म्हणून."

"आत्याबाई, मले वाटलं ते करिश्मा हाय."

"म्हंजे तिले बुडवून राहिली होती तू?"

गल्ली हसली. सासूबाई हसल्या नाहीत.

"आयकलं मी सारं. फुकटचा जीव तुया हातून सुटत नाई, त दोऱ्याचा दुसरा पदर कुठून सुटंल? समजलं मले हार कोणाचा होता. यंदाचे लग्नाचे हार करिश्मा करन."

माझं डोकं फिरलं. असा कुठे न्याय असतो? मी ओट्यावरून उडी मारली, गल्ली ओलांडली आणि दुकानापाशी येऊन पोचलेल्या जावेच्या तोंडावर ओरडले, "करिश्मा, माया दोरा डबल होता! डबल होता माया दोरा!"

इंदूबाईंनी तोंडावर हात ठेवला. आपण काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं.

करिश्मानं एक कप सासूबाईंच्या हातात दिला, त्यांच्याकडून फोन घेतला. मग माझ्या कानाजवळ वाकून, फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "माहीत हाय मले."

आणि माळांचा पडदा सारून आत गेली. लगेच गेमचं ते पाण्याचं संगीत सुरू झालं.

"काय म्हणाली वो ते?" इंदूबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. अक्षर न् अक्षर सांगितलं, सासूबाईंकडे बघून सांगितलं. त्या चहा फुंकत राहिल्या.

"म्हणाली असंल," इंदूबाई म्हणाल्या. "पन आधी त तूच बोलली ना."