नदीकाठी ऐकलेला मोसम

गेल्या मोसमात आमचं मेबरी कॉलेज फुटबॉलच्या, म्हणजे आमच्या अमेरिकेतल्या चेंडू हातात धरून पळायच्या फुटबॉलच्या, कॉन्फरन्समध्ये पहिलं आलं. तेहतीस वर्षांनी आलं. आमच्या कॉन्फरन्समध्ये आठ कॉलेजं, म्हणजे प्रत्येकाचे सात सामने. त्या सातपैकी मी, ओडेल प्रूइट, वय वर्षं एकाहत्तर, बत्तीस वर्षांत घरच्या मैदानावरचा एकही सामना न चुकवलेला माणूस, किती पाहिले म्हणाल? दोन तुकडे जोडून धरले तर एक. आता गावात कुणीही भेटलं की त्या मोसमातल्या गमती मलाच ऐकवतं आणि मी मुकाट मान डोलावतो. म्हणून म्हटलं, एकदा माझ्या बाजूचंही सांगून टाकावं.

सुरुवात एका लग्नापासून झाली. माझ्या भावाच्या मुलीनं सप्टेंबरातला शनिवार धरला. आमच्याकडे टेनेसीत सप्टेंबर ते नोव्हेंबर शनिवार फुटबॉलचा, त्या दिवशी कुणी लग्न ठेवत नाही. मरायला टेकलेला माणूससुद्धा शक्यतो रविवारपर्यंत कळ काढतो. पण नवरामुलगा कॅलिफोर्नियाचा, त्याला काय सांगणार. मी सूट चढवून चर्चमध्ये बसलो आणि खिशातला फोन तासभर थरथरत राहिला. केक कापला गेल्यावर बाहेर जाऊन बघतो तर हॉइटचे अकरा निरोप. शेवटच्यात लिहिलं होतं, 'जिंकलो. सत्तावीस-दहा. तू नेमका आजच कुठं मेलायस?'

हॉइट मॅक्लेंडन माझा शेजारी. तो गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा आणि मी त्याच शाळेची बस चालवायचो. स्टेडियमच्या बाराव्या रांगेत नऊ नंबरची खुर्ची त्याची, दहा नंबरची माझी. सामन्याआधी गाडीतळावर शेगडी मांडायची आणि पाहुण्या संघाच्या झेंड्यावर जे जनावर असेल ते शिजवायचं, ही त्याची रीत. मेंढ्यांचा संघ आला की मटण, टर्कीचा आला की टर्की. आमच्या झेंड्यावर खेचर आहे, त्यामुळे बाहेरगावी गेलो की समोरच्यांची पंचाईत होते. एरवी हॉइट पुराव्याशिवाय बोलणारा माणूस नाही, पण फुटबॉल सुरू झाला की त्याचं सगळं शिक्षण गाडीतळावरच राहतं.

दुसऱ्या सामन्याला माझ्या गाडीचं चाक पंक्चर झालं आणि मी पोचलो तेव्हा मध्यंतर होऊन गेलं होतं. मेबरी एकवीस, समोरचे शून्य. मी कपाळावर हात मारला. एवढं सगळं माझ्याविना झालं होतं. खुर्चीत टेकलो आणि आमच्या पोराच्या हातून चेंडू सुटला, समोरच्यांनी तो आमच्या टोकाच्या रेषेपार नेऊन सात गुण घेतले. टचडाऊन. पाच मिनिटांनी पुन्हा चेंडू सुटला. अजून एक टचडाऊन. एकवीस-चौदा. बाराव्या रांगेतली डोकी एकेक करून माझ्याकडे वळायला लागली.

मी उठलो आणि म्हणालो, "उकडलेल्या शेंगा आणतो कुणाला हव्या तर."

जिन्याच्या तोंडाशी पोचतोय तोच मागून गलका उठला. आमच्या पोरानं त्यांचा चेंडू मधल्यामध्ये पळवला होता. मी शेंगा घेऊन परत आलो, बसलो, आणि आमचा भरवशाचा खेळाडू लंगडत बाहेर गेला.

"ओडेल," हॉइट समोर बघतच म्हणाला, "शेंगा कमी पडतील."

"पाच पुडे आणलेत."

"अजून आण."

उरलेला सामना मी शेंगांच्या रांगेत काढला. माझा नंबर आला की मी पुन्हा मागं जाऊन उभा राही. आम्ही जिंकलो.

गाडीतळावर पंचायत बसली. हॉइट घडीच्या खुर्चीत, त्याची बायको युला शेगडीपाशी, आणि बारावी रांग सगळी उभी. हॉइटनं फळ्यासमोर उभं राहिल्यासारखा घसा खाकरला.

"मेबरी शेवटचं पहिलं कधी आलं होतं?"

"तेहतीस वर्षांपूर्वी," कुणीतरी म्हणालं.

"आणि हा कधीपासून येतोय?"

"बत्तीस," मीच म्हणालो.

बारावी रांग बोटांवर हिशेब करायला लागली. युला म्हणाली, "अरे, काय माणसं आहात का कोण," आणि मला मटणाचा मोठा तुकडा वाढला. पण निकाल लागला होता. पुढचे पाच सामने मी स्टेडियमात पाऊल टाकायचं नाही, टीव्ही लावायचा नाही, रेडिओचा कान पिरगाळायचा नाही. जेवण मात्र घरपोच.

सगळे हसत होते, मीही हसलो. पण घरी गेल्यावर झोपेपर्यंत तो हिशेब डोक्यातून जाईना. बत्तीस वर्षं मी घसा फोडून ओरडलो, थंडीत कुडकुडलो, आणि माझ्याच पायगुणानं तर ही पोरं हरत नव्हती ना? गंमत म्हणून म्हटलेली गोष्ट मला खरी वाटली होती, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

शनिवार घालवायला मी नदीवर जायला लागलो. स्टेडियमपासून मैलभरावर आमच्या नदीला एक वळण आहे, तिथं उलटी बादली ठेवून त्यावर बसायचं आणि गळ टाकायचा. मेबरीचा टचडाऊन झाला की कॉलेजच्या चॅपलची घंटा सात टोले देते, ती त्या वळणावर स्पष्ट ऐकू येते. पण घंटा आमच्याच टचडाऊनची वाजते. समोरच्यांनी किती केले ते तिच्यावरून कळत नाही. तिसऱ्या सामन्याला ती चारदा वाजली तेव्हा मी एकटाच बादलीवरून उठून नाचलो. चौथ्याला दोनदाच वाजली आणि माझा जीव टांगणीला लागला, तो थेट हॉइट टर्कीची तंगडी घेऊन येईपर्यंत.

"चौदा-तेरा," तो म्हणाला. "तू बस इथंच. हलू नकोस."

बाहेरगावच्या दोन सामन्यांना घंटाही नव्हती. मी अंगणातली पानं झाडत राहिलो आणि माझी बायको मोझेल खिडकीतून बोटांनी गुण दाखवत राहिली, ते मी बघायचं टाळलं. सहा झाले, सहाही जिंकले. गावात लोक मला लांबून हात करायचे, जवळ मात्र यायचे नाहीत. न्हाव्यानं तर पैसे घेतले नाहीत. "तुम्ही फार सोसताय," म्हणाला.

सातवा आणि शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, वॉरफील्डशी. त्यांचेही सहाच्या सहा जिंकून झाले होते. जिंकेल तो पहिला.

आणि त्याच दिवशी विनीचा निरोपसमारंभ होता.

विनी माझ्या मुलीची मुलगी, मला पॅपॉ म्हणते. बापाचं नाव आम्ही घरात घेत नाही, ती लहानाची मोठी आमच्याकडेच झाली. उंची पाच फूट एक इंच, आणि मेबरीच्या बँडमध्ये वाजवते काय, तर सुसाफोन. अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर पेलायचा पितळी भोंगा. चार वर्षं तिनं तो पेलला. त्रेचाळीस-शून्यनं हरत असतानासुद्धा गाल फुगवून विजयगीत वाजवलंय पोरीनं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना निरोपाच्या दिवशी मध्यंतरात घरच्या माणसांसोबत मैदानाच्या मधोमध नेतात आणि नाव पुकारतात. ती पहिल्या वर्षाला होती तेव्हाच मी शब्द दिला होता की एका हाताला आई आणि दुसऱ्या हाताला मी.

गुरुवारी जेवताना तिनं विचारलं, "पॅपॉ, कोट इस्त्रीला दिलास ना?"

मी मक्याचा पाव कुस्करत बसलो. "बाळ, मी आलो आणि आपण हरलो तर?"

"हरू दे."

"अगं, तेहतीस वर्षांनी..."

"आपण हरायचो तेव्हा तू दर वेळी यायचास," ती म्हणाली. "मी काय त्या खेळाडूंसाठी वाजवत होते?" आणि ताट उचलून आत गेली.

मोझेलनं काटा खाली ठेवला. "ओडेल, तुझं बूड कुठल्या खुर्चीवर टेकलंय ते बघून देव फुटबॉल चालवतो असं खरंच वाटतं तुला?"

"खरंच वाटतं," मी म्हणालो. आणि तो बत्तीस वर्षांचा हिशेब तिला सांगून टाकला. ती हसेल वाटलं होतं. ती हसली नाही. उठून तिनं कपाटातून कोट काढला आणि म्हणाली, "हरले तर हरले. पोरीला एकटं चालायला लावलंस तर मात्र माझ्याशी गाठ आहे."

हॉइटला सांगायला गेलो तर त्यानं पुन्हा तसाच घसा खाकरला. मग म्हणाला, "मध्यंतरात घड्याळ बंद असतं. घड्याळ बंद म्हणजे फुटबॉल नाही. तेव्हा आत यायला हरकत नाही. पोरीला चालव आणि दुसरा अर्धा सुरू व्हायच्या आत बाहेर जा. तू शब्द दे, रांगेला मी समजावतो."

मी शब्द दिला.

शनिवारी कोट-टाय घालून बादलीवर बसलो. वॉरफील्डच्या झेंड्यावर पाणमांजरं. ती काही शिजवता येत नाहीत, म्हणून ती जे खातात ते खायचं असं हॉइटनं ठरवलं होतं आणि त्याच्यासाठी कॅटफिश मीच आठवडाभर धरले होते. गळ टाकला आणि कान लावून बसलो. घंटा वाजली नाही. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला, वाजली नाही. मध्यंतराची वेळ झाली तसा गळ तिथंच टाकून मी गाडी काढली.

बँडच्या दारानं आत शिरलो. विनी तिथं पूर्ण पोशाखात उभी होती, मला बघून तिनं तोंड फिरवलं, कारण डोळे भरले होते. तिनं भोंगा एका मैत्रिणीकडे दिला आणि माझ्या दंडात हात घातला. दुसऱ्या बाजूला तिची आई. आम्ही हिरवळीवर पाऊल टाकलं आणि मी मान वर करून फलक बघितला.

वॉरफील्ड सतरा, मेबरी शून्य.

मी पुन्हा बघितलं. शून्यच. मी इथं नव्हतो. पूर्ण अर्धा सामना मी नदीवर होतो, आणि तरीही पोरं सतरानं मार खात होती. त्यांना हरायला माझी काही गरज नव्हती. बत्तीस वर्षं ती आपली आपणच हरत आली होती. आयुष्यात पहिल्यांदाच मेबरीला हरताना बघून मला आनंदानं रडू फुटलं.

"पॅपॉ, काय झालं?"

"आपण हरतोय गं," मी म्हणालो. "माझ्याशिवाय हरतोय."

लाउडस्पीकरवर नाव पुकारलं गेलं, विनीचं, तिच्या आईचं आणि माझं. बारावी रांग उठून उभी राहिली होती. मी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. तेवढ्यात विनीनं दंडातला हात आणखी घट्ट केला आणि विचारलं, "आता जाणार का?"

हॉइटला दिलेला शब्द होता. वर बघितलं, तर तो दोन्ही हात खिशात घालून माझ्याकडेच बघत होता. मी मानेनं नाही म्हटलं.  मग मी बँडच्या बाकावर विनीशेजारी बसलो, तिची पिसाची टोपी मांडीवर घेऊन.

त्यानंतरचं काय सांगू? पहिला टचडाऊन झाला तेव्हा विनीनं माझ्या कानाशी इतक्या जोरात भोंगा वाजवला की तो कान दोन दिवस बंद होता. दुसरा झाला तेव्हा मी तिच्या बँडमास्तरांना मिठी मारली. त्यांची माझी ओळखही नव्हती. सतरा-चौदा. शेवटच्या मिनिटाला दुसऱ्या सामन्यात लंगडत बाहेर गेलेला आमचा तो खेळाडू आत आला, चेंडू छातीशी धरला आणि कडेकडेनं पळत सुटला, आमच्या बाकासमोरून, इतक्या जवळून की त्याचा श्वास ऐकू आला. बँडमधल्या कुणालाही वाजवायचं भान राहिलं नाही. विनीलाच आठवलं, आणि विजयगीताची पहिली ओळ तिनं एकटीनं वाजवली. एकवीस-सतरा.

लोक मैदानात उतरले. मी पिसाची टोपी डोक्यावर घालून बारावी रांग गाठली. सगळ्यांनी मला गदागदा हलवलं. नऊ नंबरची खुर्ची रिकामी होती.

"हॉइट कुठंय?"

युला डोळे पुसत हसत होती. "तू बँडमध्ये बसलास तसा उठला. म्हणाला, रांगेतलं एक माणूस तरी बाहेर पाहिजे, आणि ओडेल आज बाहेर जाणार नाही."

मी विनीला आणि तिच्या भोंग्याला गाडीत घातलं आणि नदीवर गेलो. वळणावर माझ्या बादलीवर, माझा गळ हातात धरून, हॉइट मॅक्लेंडन बसला होता. आमची चाहूल लागली तरी त्यानं मान वळवली नाही.

"तीनदा वाजली," तो म्हणाला. "त्यांनी अजून किती केले?"

"सतरावरच राहिले."

त्यानं गळ हळूच खाली ठेवला. दोन्ही हातांनी डोळे पुसले. चाळीस वर्षांत त्याला तसं पाहिलं नव्हतं.

"तू बघायला हवं होतंस रे," मी म्हणालो, आणि मला फार वाईट वाटलं. "का गेलास? मी नसतानाही सतरा खाल्लेच होते की. मला काही पायगुण-बियगुण नाही."

"तुला नसेल," हॉइट म्हणाला. "पण मी उठल्यावर बघ, एकवीस झाले. म्हणजे इतकी वर्षं दहा नंबर नाही, नऊ नंबर नडत होता." आणि मग नाक पुसत म्हणाला, "तू पाच शनिवार बाहेर काढलेस. अर्धा मी काढला तर काय बिघडलं."

विनीनं भोंगा खांद्यावर चढवला आणि त्याच्यासाठी विजयगीत पूर्ण वाजवलं, समोरचे सगळे मासे पळाले. मग तिनं मला खूण केली. मी ओल्या गवतावर कोटासकट बसलो आणि दुसरा अर्धा सामना हॉइटला पहिल्यापासून सांगायला लागलो.