जुन्या तेलाचा वास

तळ्यावरच्या माणसाला सगळे डबेकाका म्हणायचे. त्यानं पत्र्याचा डबा बडवला की त्याचे मासे काठाशी अशी झुंबड करायचे, की पाणी उकळतंय असं वाटावं. बायको गेल्यापासून त्याची वाट बघणारं तेवढंच उरलं होतं.

लेक लांब शहरात. तिला दिवस गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मासा खा, पण तो काय खाऊन वाढला ते विचारून. तिनं बापालाच विचारलं. त्याच्या खाद्यात समुद्रातल्या बारक्या मासळीचं तेल असायचं. लेकीनं समजावलं, समुद्रातलं विष त्या मासळीच्या चरबीत साठतं, तेलातून तुमच्या माशात येतं, तिथून माझ्या बाळात. काकाला पटलं. त्यानं जुने मासे विकून बोटाएवढी नवी पिल्लं आणून सोडली आणि सोयाबीन नि जवसाच्या तेलाचं खाद्य सुरू केलं.

पण जिथून आणली तिथंही पिल्लं मासळीच्या तेलावरच वाढलेली, त्या जुन्या वासाला चटावलेली. डबा वाजवला, पाणी हललं नाही. दाणे फुगून तरंगत राहिले. घरात बोलायला कोणी नाही, आता तळ्यानंही तोंड फिरवलं. शेवटी त्यानं जुन्या कॅनमधलं वाटीभर तेल दाण्यांना चोळलं. वासापुरतं. पिल्लं उड्या मारत आली.

"आलात का लाटसाहेब," तो म्हणाला, आणि बराच वेळ त्यांच्याशी बोलत बसला.

वासापुरतं ते रोजचंच झालं.

मासे ताटात मावतील एवढे झाले तेव्हा लेकीचा फोन आला. राहायला येते म्हणाली. माशांना रोज डबा वाजवून बोलावता, मला कधी बोलावलंत, म्हणून टोमणाही मारला. काका हसला. मग तिनं विचारलं, "जुनं तेल बंदच आहे ना, बाबा?"

'हो' अगदी ओठावर आलं होतं.

"नाही गं. रोज वाटीभर घालतोय. त्याशिवाय येईनात ते."

"नसते आले. उपाशी मरणार होते का? भूक लागली की खातात."

"ते माहीत होतं मला."

ती हळूच म्हणाली, "मग माझ्या ताटात तुम्ही काय वाढाल, याचा भरवसा काय धरू? बाळ झाल्यावर बघू." रागावले नाही, असंही म्हणाली. तेच त्याला जास्त लागलं.

उरलेलं तेल त्यानं फाटकाच्या गंजलेल्या बिजागऱ्यांना फासलं, कॅन रिकामा केला. हात साबणानं दोनदा धुतले, तरी वास जाईना. मग डबा घेऊन काठावर गेला.

वाजवला. कोणी नाही. कोरडे दाणे टाकले, तेही चिमटीचिमटीनं. अंधारायला लागल्यावर एक मासा वर आला, दाणा तोंडात घेतला, थुंकला. परत घेतला.

काका डबा खाली ठेवून नुसता बघत उभा राहिला.